भिंत नसलेला किल्ला

"भिंतच नाही म्हणे त्या किल्ल्याला. मग हे दर महिन्याला लोकांना दाखवायचे काय?"

"गवत."

"काय?"

"गवत आणि वारा. आम्ही गेलो होतो ना एकदा, यांनीच नेलं होतं. आमचा छोटा मला विचारतो, बाबा, व्हेअर इज द फोर्ट? म्हटलं गप, काका समोर आहेत."

माझ्या मागच्या रांगेत दोघं दबकं हसले. काका, तुमच्या शोकसभेत. समोर पडद्यावर तुमचे फोटो एकामागून एक सरकत होते आणि नेमका तेव्हाच तो आला, खाकी हॅटमधला, ज्यात तुमच्या मागे खरंच फक्त गवत आहे. मला मागे वळून काहीतरी बोलायचं होतं. मी मांडीवरची पर्स सरळ केली आणि पुढे बघत बसले. राग आला होता, पण त्याच वेळी हेही कळत होतं की तुम्ही असतात तर सगळ्यात मोठ्याने तुम्हीच हसला असतात. त्या दुपारी मला रडू आलं ते कुणाच्या भाषणावर नाही, त्या विनोदावर.

सभेत दोन शब्द बोलशील का, असं शैलाकाकूंनी आदल्या दिवशी विचारलं होतं. मी नको म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही, माझा नकार त्यांना पाठ आहे. तसंही मला जे सांगायचंय ते त्या हॉलमध्ये सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललेच नाही. चुका असतील. तुम्ही त्या गाडी चालवता चालवता सुधारायचात, मिरर बघत, जणू काही झालंच नाही अशा आवाजात.

टेक्सासमध्ये, अर्विंगला येऊन मला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. बाबांचे कॉलेजचे मित्र, एवढीच आपली ओळख. शनिवारी सकाळी सातला तुम्ही माझ्या अपार्टमेंटखाली हॉर्न न वाजवता उभे राहिलात आणि मेसेज केलात, "चल. किल्ला." मी ट्रेकचे बूट घालून, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली आले. फोर्ट वर्थ शहर मागे पडलं, घरं संपली, काटेरी मेस्किटची झुडपं आणि गवताचे गोल गठ्ठे सुरू झाले, तरी एक टेकडी दिसेना. शेवटी मी विचारलं, "चढ किती आहे, काका?"

"चढ?" तुम्ही माझ्या बुटांकडे पाहिलंत. "आहे ना. पार्किंगपासून दहा पावलं."

आणि मग ते मैदान. कंबरेएवढं पिवळं गवत, दगडी कोठाराच्या उरलेल्या अडीच भिंती, दोन उभी धुरांडी आणि आकाश. मी इकडेतिकडे बघून म्हणाले, "तट कुठंय? पडला?"

"पडायला आधी बांधावा लागतो," तुम्ही म्हणालात. "प्रत्येक मराठी माणूस इथे येऊन हाच प्रश्न विचारतो. मीही विचारला होता. साताऱ्याचा माणूस, उशाला अजिंक्यतारा घेऊन झोपलेला. मला वाटलं हे लोक आपल्याला फसवतायत."

मग तुम्ही समजावून सांगितलंत. या भागातल्या बहुतेक लष्करी ठाण्यांना तटबंदी नव्हतीच. मधे कवायतीचं मैदान, भोवती सैनिकांच्या खोल्या, तबेले, इस्पितळ, कोठार, सगळं उघड्यावर. आपल्याकडे किल्ला म्हणजे आत शिरून दार लावून घ्यायची जागा. इथे किल्ला म्हणजे बाहेर निघायची जागा. इथून सैनिक घोड्यांवरून निघायचे आणि बाकीच्या देशाला सांगायचे की आता इथपर्यंत आपलं. हे तुम्ही इतकं सरळ सांगितलंत की मला वाटलं, या माणसाला यातलं सगळं कळलेलं आहे. ते खरंही होतं, आणि तिथेच आपली गडबड झाली. पण ते नंतर.

त्या दिवशी तुम्ही मला काम दिलंत. तुमच्या मागे पंधरा-वीस लोक चालायचे आणि गवतात कुणीतरी मागे राहायचं, फोटो काढत नाहीतर मोज्यातली कुसळं उपटत. "तू शेपटी सांभाळ," तुम्ही म्हणालात. "सगळ्यात मागे राहायचं, कुणाला एकटं सोडायचं नाही. बोलावं लागत नाही." शेवटचं वाक्य तुम्ही दुसरीकडे बघत म्हणालात. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही मी चॅटवर लिहून विचारते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी असं काम दिलं होतं जे मला येतं.

दीड वर्ष मी तुमची शेपटी होते. महिन्याचा दुसरा शनिवार. शैलाकाकूंनी फॉइलमध्ये बांधलेले धपाटे, वाटेतल्या पेट्रोल पंपावरची वाईट कॉफी, आणि तुमच्या गाडीतली शांतता. बाकी सगळीकडे मी गप्प बसले की लोक विचारतात काय झालं. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मधेच रस्त्याच्या कडेची उकरलेली माती दिसली की तुम्ही वेग कमी करायचात. सगळं आयुष्य रस्त्यांखालची माती तपासण्यात गेलं होतं तुमचं. "बघ, काळी. आपल्या सोलापूरच्या मातीची सख्खी बहीण. पाऊस पडला की फुगते, ऊन पडलं की तडकते. वरचा रस्ता कितीही चांगला करा, ही खालून हलतेच." हायवेवर शिरताना मी ऐनवेळी ब्रेक दाबायचे, तेव्हा तुम्हीच मला रिकाम्या रविवारी सकाळी चार-चार वेळा त्याच रॅम्पवरून फिरवलंत. "तो ट्रक तुझा शत्रू नाही. त्यालाही घरी जायचंय. त्याच्या वेगाला ये आणि आत जा." अजून मर्ज करताना मी हेच पुटपुटते.

आणि आपलं भांडण. ते पहिल्या महिन्यापासून होतं.

कवायतीच्या मैदानाच्या कडेला, जिथून जमीन नदीकडे उतरते, तिथे तुम्ही सगळ्यांना एका ओळीत उभं करायचात. "आता तुम्ही पहाऱ्यावर आहात," तुम्ही म्हणायचात. "बघा. काय दिसतं?" मुलं कपाळावर हात धरायची. कुणी म्हणायचं झाडं, कुणी म्हणायचं गाई. मग तुम्ही सांगायचात की त्या वळणावर सरकारनेच नेमून दिलेल्या जमिनीवर कॅडो या इथल्या मूळ रहिवाशांची घरं होती, शेतं होती, मका होता. त्यांच्यातली काही माणसं याच सैन्यासाठी वाटाड्याचं काम करायची. मग आसपासच्या गोऱ्या वस्त्यांनी त्यांच्यावर हल्ले सुरू केले, आणि शेवटी सैन्याने त्यांना पहाऱ्यात उत्तरेला, रेड नदीपलीकडे पोचवलं. सगळं खरं. काहीही लपवलेलं नाही. सांगून झालं की तुम्ही घड्याळ बघायचात आणि म्हणायचात, "आता तबेले."

"तुम्ही लोकांना नेहमी इथेच का उभं करता?" एकदा परतताना मी विचारलं. "खाली नदीवर का नाही?"

"खाली बघायला काही नाही."

"इथे तरी कुठेय?"

तुम्ही हसलात. "अगं, वरून जमीन कळते. उंचवट्यावरूनच सांगावं लागतं, कुठलाही इंजिनिअर हेच करेल."

"पण मग सगळे सैनिकच होतात."

"मग काय व्हायचं? पाहुणे? माणूस कुठेतरी उभा राहूनच बघणार ना, ऋजू."

उत्तर घरी गेल्यावर सुचलं, मला नेहमी घरी गेल्यावरच सुचतं. मी ते तुम्हाला लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा विचारलंत, "काय, आज कुठे उभं करू?" आणि पुन्हा तिथेच उभं केलंत, माझ्याकडे बघून भुवया उडवत. आपलं भांडण असं चालायचं. मला वाटायचं ते चालतच राहील.

मग दिवाळी आली. मंडळाची मुलांची किल्ला स्पर्धा. दरवर्षी कुणी ना कुणी रायगड करतंच, यंदा आपण टेक्सासचा किल्ला करायचा, असं तुम्ही जाहीर केलंत. हॉलमागच्या गवतावर प्लायवूडचा तुकडा, गार्डन सेंटरमधून आणलेली मातीची पोती, पेरलेले अळीव आणि सात मुलं. मी शेजारी उभी राहून पाणी ओतत होते.

"काका, वॉल कधी करायची?" कुणीतरी विचारलं.

"वॉल नव्हती रे तिथे."

"मग तो फोर्ट कसा?" एक आठ-नऊ वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दॅट्स जस्ट अ व्हिलेज!"

तुम्ही खो खो हसलात. आणि काका, मग तुमची बोटं मातीत गेली. तुम्ही ठरवून काही केलं नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकते, मी तुमच्या हातांकडेच बघत होते. साताऱ्याच्या कुठल्यातरी अंगणात पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिकलेली बोटं होती ती. अर्ध्या तासात तट उभा राहिला. चार बुरूज. बंदुका रोखायच्या जंग्या. दरवाजासुद्धा गोमुखी, बुरुजांच्या आड लपवलेला, टेक्सासच्या त्या सपाट मैदानावर! मुलांनी दुकानातून आणलेली प्लास्टिकची माणसं लावली. निळे सैनिक आत, बंदुका रोखून. पिसांचे मुकुट घातलेले बाहेर, कुऱ्हाडी उगारून, दोघं तर तटावर चढताना. आपल्याला पहिलं बक्षीस मिळालं.

मी फोटो काढला आणि त्याकडे बघत राहिले. मला दिसलं होतं. मी तुम्हाला मेसेज टाइप केला, "काका, भिंत नव्हती ना?" आणि पुसून टाकला. सगळे इतके खूश होते. तुम्ही इतके खूश होतात.

पुढच्या महिन्यात तो किल्ला तिकडे न्यायचं तुम्ही ठरवलंत, व्हिजिटर सेंटरमधल्या टेबलावर ठेवायला, मुलांना बघायला काहीतरी होईल म्हणून. डिकीत तो बसेना. मी मागच्या सीटवर बसले आणि प्लायवूड मांडीवर धरलं. दोन तास. प्रत्येक खड्ड्याला तुम्ही विचारत होतात, "बुरूज ठीक?" आणि मी म्हणत होते, "ठीक."

लोरेन त्याच दिवशी आल्या. सत्तरीच्या बाई, निळा स्वेटर, हातात काठी, बरोबर त्यांची मुलगी. ओक्लाहोमाहून आल्या होत्या. टूर सुरू व्हायला वेळ होता. त्या टेबलापाशी थांबल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. त्यांनी एका बाहुल्याला हात लावला, उचलला नाही, आणि तुम्हाला विचारलं, "हे कोण?"

तुम्ही उत्साहाने सांगायला लागलात. आमचा सण, मुलं मातीचा किल्ला करतात, आमच्या गावाकडे प्रत्येक अंगणात असतो. "किल्ला आपला," तुम्ही म्हणालात, "आणि शत्रू बाहेर." इंग्रजीत ते वाक्य आणखीच सपाट वाटलं. त्या थांबल्या. तुमचं बोलून पूर्ण होऊ दिलं.

"माझ्या पणजीची आई तिथे नदीवर मका लावायची," मग त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आमच्या घरात तिच्या गोष्टी सांगतात. ती इथे वर यायची. कणसं घेऊन, कलिंगडं घेऊन. इथल्या बायका तिला ओळखायच्या. कुणाला विचारावं लागायचं नाही, ती सरळ चालत यायची, कारण इथे भिंत नव्हती." त्यांनी तटाकडे बोट केलं. "ही बघितली की वाटतं आम्ही आत घुसायला आलो होतो. आम्ही शेजारी होतो. पीक शेतात उभं होतं, ते तसंच टाकून आम्हाला याच सैनिकांनी पलीकडे नेलं."

तुम्ही टेबलावरची माती उगाच बोटाने सारखी करत होतात.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे तुझे वडील?"

"नाही, नाही," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले, काका. "मी फक्त त्यांच्याकडून राइड घेतलीय."

"तुला माहीत होतं, भिंत नव्हती हे?"

"मला इतिहासातलं काही कळत नाही."

तुम्ही हातभर अंतरावर होतात.

परतताना निम्मा रस्ता मागे पडला. मग तुम्ही म्हणालात, "तुला माहीत होतं."

"हो."

"मांडीवर घेऊन आलीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडला असतात."

"चिडलो असतो. मग?"

मग काय, हे मला आजही सांगता येत नाही. त्यावर मी जे बोलले ते मला पुसता आलं तर मी बाकी काही मागणार नाही. मी म्हणाले, "तुम्हालाच तर माहीत होतं, काका. इतकी वर्षं तुम्हीच सांगताय सगळ्यांना. तुम्हाला मी काय सांगायचं?"

तुम्ही इंडिकेटर दिलात. लेन बदललीत. माझ्या अपार्टमेंटखाली गाडी थांबवून नेहमीसारखा फॉइलचा पुडा हातात दिलात, "काकूंनी दिलंय, गरम करून खा." राइडबद्दल एक शब्दही नाही. तुम्ही भिंतीबद्दल भांडलात माझ्याशी. त्याबद्दल नाही.

त्यानंतर मी आले नाही. एकदा ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, एकदा सर्दी होती, एकदा मैत्रीण यायची होती, जी आली नाही आणि जिला मी बोलावलंच नव्हतं. तुम्ही प्रत्येक वेळी लिहिलंत, "ओके. काळजी घे." मी तुमच्यावर चिडले होते का? थोडी होते. तुम्ही इतके मोठे, इतकं वाचलेले, आणि हात मातीत गेल्यावर आपसूक आतल्या बाजूला जाऊन बसलात. पण त्याहून जास्त मला तुमच्या समोर यायचं नव्हतं. चिडले आहे असं मानून घेणं सोपं होतं.

मग तुमचा तो व्हॉइस मेसेज आला. टाइप करायचा तुम्हाला कंटाळा. तो मी ऑफिसात, दोन मीटिंगच्या मधे, दीडपट वेगाने ऐकला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमचा शेवटचा निरोप मी घाईत, पातळ केलेल्या आवाजात ऐकला.

"ऋजू, काका बोलतोय," तुम्ही म्हणालात, जणू मला कळलंच नसतं. "ऐक. परवा मी तट पाडला. पाडताना वाईट वाटलं हं, खोटं कशाला बोलू, बुरूज छान जमले होते. लोरेनबाईंना फोन केला. माफी मागितली. म्हटलं, तुम्ही एकदा येऊन खाली नदीवर लोकांशी बोलाल का? त्या म्हणाल्या, बघू, घाई करू नका. त्यांचं बरोबर आहे. तर या शनिवारी मी टूर खालून सुरू करणार आहे. तू म्हणायचीस ना? पण मला तिथे काय बोलायचं ते येत नाही गं. वर मला सगळं पाठ आहे. खाली गेलो की काही सुचत नाही. तू ये. पुढे उभी राहा माझ्याबरोबर. नाहीतर शेपटीलाच राहा. पण ये."

मी अंगठा पाठवला. पिवळा अंगठा. आणि गेले नाही.

काकू सांगतात, त्या शनिवारी अकरा जण आले होते. तुम्ही त्यांना नदीकाठी नेलंत आणि म्हणालात, "इथलं मला अजून सांगता येत नाही, मी शिकतोय." मग दोन-तीन मिनिटं काहीच बोलला नाहीत. लोकांना वाटलं तुम्हाला बरं वाटत नाही. एकाने पाणी दिलं. मग तुम्ही त्यांना वर घेऊन आलात. शेपटी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही सारखे मागे वळून बघत होतात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आता मी तो मेसेज त्याच्या खऱ्या वेगाने ऐकते. "वाईट वाटलं हं" नंतर तुम्ही किती थांबला आहात हे मला आधी कळलंच नव्हतं. मागे शैलाकाकू विचारतायत, कोणाशी बोलताय हो, आणि तुम्ही फोन तोंडापासून दूर न धरताच म्हणता, "आपल्या ऋजूशी."

आपल्या. ते त्या राइडनंतरचं आहे, काका. मला वाटतं तुम्ही विसरला असाल. मग वाटतं, विसरला नव्हतात, आणि तरी म्हणालात. मी काकूंना विचारलं, त्या दिवशी घरी आल्यावर काका माझ्याबद्दल काही बोलले का? त्या म्हणाल्या, "नाही गं. दमले होते. म्हणाले, आज मी चुकलो. तुझं नाव कशाला घेतील?" त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मला सांत्वन करून घ्यायचीही लाज वाटली.

तुम्ही चुकलात आणि घरी येऊन ते शब्दांत बोललात. त्या वयात, ज्या जागेबद्दल लोक तुम्हाला विचारायला यायचे त्या जागेबद्दल. फोन उचलून एका परक्या बाईला सांगितलंत. असं करता येतं, हे मी आधी कुणाकडे पाहिलं नव्हतं. आमच्या घरात चूक झाली की आम्ही सगळे काही दिवस जरा जास्त चांगलं वागतो आणि ती आपोआप जुनी होते. मीही तुमच्याशी तेच करणार होते. पुढच्या महिन्यात येणार होते, धपाट्यांचं कौतुक करणार होते, शेपटीला उभी राहणार होते. तेवढाच वेळ हवा होता मला.

गेल्या दुसऱ्या शनिवारी किल्ल्यावरच्या तुमच्या सोबत्यांनी तुमच्या आठवणीत टूर ठेवली. काकूंना जायचं होतं. गाडी मी चालवली. मर्ज करताना मी पुटपुटले तेव्हा काकू म्हणाल्या, "हे पण असंच बोलायचे ट्रकांशी."

उंच डेलने, जो तुम्हाला श्री म्हणायचा आणि तोफेची दारू कधीच कुणाला हाताळू द्यायचा नाही, सगळ्यांना आधी खाली नेलं. श्रीने शेवटी असंच केलं होतं, एवढंच तो म्हणाला. तीसेक लोक असतील. मी सवयीने सगळ्यात मागे होते. खाली खरंच काही नाही, काका. नदी बारीक आहे, काठावर पेकानची झाडं आहेत, जमीन काळी आहे. मान वर केली की मैदानाची कड दिसते, आणि जिथे तुम्ही आम्हाला उभं करायचात ती जागा. तिथून बघणारे आपण खालून कसे दिसत असू, याचा मी दीड वर्ष नुसता वाद घातला होता. तिथे उभी मीही राहिले नव्हते.

लोरेन आल्या होत्या. त्या तीन-चार वाक्यंच बोलल्या. मका कुठपर्यंत होता हे त्यांनी काठीने दाखवलं. पणजीच्या आईचं नाव त्यांनी सांगितलं, आणि ते इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं नाही, म्हणून लिहीत नाही. मग त्या म्हणाल्या, "या माणसाने मला फोन केला. फोनवर आधी तो बराच वेळ नुसता खाकरत होता." लोक हसले. काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून.

डेलने विचारलं, "कुणाला श्रीबद्दल काही बोलायचंय?"

पेकानच्या झाडात वारा होता. काकू मुद्दाम नदीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही, मला अवघड होऊ नये म्हणून. आणि लोरेनना मी दिसले. त्यांनी मला ओळखलं. आवाजात काही टोचणारं नव्हतं, त्या फक्त आठवत होत्या.

"तू होतीस ना त्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "तूच ना, जिला त्यांनी राइड दिली होती?"

तीस माणसं मागे वळली. मी नेहमीप्रमाणे मान हलवून मोकळी होऊ शकले असते.

"नाही," मी म्हणाले. "राइड नव्हती ती. मी त्यांच्या घरातली आहे. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, त्यांच्यासमोर. त्यांनी तुमची माफी मागितली. मी त्यांची मागितली नाही. आता ती त्यांच्याकडे मागता येत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते. ते माझे काका होते."